सकाळचा साचा, दुपारचा साचा : अंबडच्या टूलरूममधलं एक प्रकरण

दुर्बिणीचा एकच आरसा हवा असेल तर काच घासून करणं केव्हाही बरं. पण त्याच आकाराचे दहा-बारा हवेत, शिवाय वजनाला हलके हवेत, असं म्हटलं की हिशोब बदलतो. मग आरशाचा उलटा, फुगीर साचा धातूत एकदाच नेमका करायचा आणि त्यावरून नकला उतरवायच्या. १० डिसेंबर १९९९ ला अवकाशात गेलेल्या युरोपच्या एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण दुर्बिणीत तीन संच आहेत आणि प्रत्येक संचात ५८ आरसे एकात एक बसवलेले आहेत. निकेल चढवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यावर आधी सोन्याचा थर, त्यावर विद्युत-लेपनाने वाढवलेलं निकेल, आणि शेवटी साचा थंड करून आरशाचं कवच सोडवून घ्यायचं, अशी त्यांची घडण. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवरच्या सॉफ्ट एक्स-रे दुर्बिणीचे पातळ पत्र्याचे आरसेही साच्यावरून नक्कल करूनच झाले. तिथे साचे काचेचे होते. लडाखमध्ये हानलेला उभी असलेली २१ मीटर व्यासाची ‘मेस’ दुर्बीण मात्र साच्याच्या वाटेला गेली नाही. तिचे धातूचे आरसेच हिऱ्याच्या टूलने कापलेले आहेत.

या कामांपुढे नाशिकच्या अंबड भागातल्या टूलरूममधला, म्हणजे साचे बनवणाऱ्या वर्कशॉपमधला, जॉब लहान होता. तरी त्यातला पेच कुठल्याही मोठ्या शॉपमध्ये पडू शकतो असा आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. या प्रकरणात माझ्याकडे मोजमापाची बाजू होती.

टूलरूमचं रोजचं काम म्हणजे वाहनांच्या दिव्यांचे आणि छोट्या प्लास्टिक लेन्सचे साचे. त्यासाठी त्यांनी हवेच्या बेअरिंगवर फिरणारा स्पिंडल (जॉबला फिरवणारा दांडा) असलेला अतिसूक्ष्म लेथ घेतलेला. एका शिक्षणसंस्थेला विद्यार्थ्यांच्या दुर्बिणींसाठी कार्बन फायबरच्या पाठीवर रेझिनने उतरवलेले आरसे करायचे होते. त्यांनी दोन साचे मागितले : व्यास २०० मिलिमीटर, नाभीय अंतर ६०० मिलिमीटर, आकार पॅराबोला. म्हणजे मध्यावरची वक्रता-त्रिज्या १२०० मिलिमीटर, आणि कडेपेक्षा मध्य साधारण ४.२ मिलिमीटर उंच. गोल आणि पॅराबोला यांच्यातला फरक कडेशी जेमतेम ७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). टूलरूमवाल्यांना ७ मायक्रॉन पुष्कळ वाटतात. पण इथे सगळा खेळ त्याच्याही शंभराव्या भागात होता.

कारण असं. आरशाने प्रकाशाची लाट पाव तरंगलांबीपेक्षा जास्त बिघडवू नये, हा दुर्बिणीतला जुना दंडक. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर धरली तर पाव म्हणजे १३७. आरशावर किरण येतो आणि परत जातो, त्यामुळे चूक दुप्पट होते. म्हणून पृष्ठभागाला मुभा त्याच्या निम्मी, साधारण ६९ नॅनोमीटर. मायक्रॉनचा चौदावा हिस्सा.

धातूची निवड थोडक्यात सांगतो. हिरा पोलाद कापत नाही; म्हणजे कापतो, पण गरम लोखंड हिऱ्यातला कार्बन खातं आणि टूलची धार बघता बघता जाते. नुसतं अ‍ॅल्युमिनियम हिऱ्याने सुरेख कापलं जातं, पण नेहमीच्या मिश्रधातूत लोहयुक्त कडक कण असतात, ते ओढले जाऊन ओरखडे पडतात. शिवाय नकला काढता काढता मऊ पृष्ठभाग लवकर खराब होतो. म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा गाभा आणि वर विजेविना चढवलेलं निकेल-फॉस्फरस. त्यात फॉस्फरस वजनाने १० टक्क्यांच्या वर हवा, नाहीतर हेच निकेल टूल खातं. प्लेटिंगवाल्याकडून फॉस्फरसचा आकडा लेखी घ्यावा. आणि प्लेटिंग साच्याच्या सगळ्या बाजूंना करून घ्यावं, फक्त पुढून नको. अ‍ॅल्युमिनियम तापमानाला निकेलच्या जवळपास दुप्पट वाढतं, त्यामुळे एकाच बाजूला थर असला की तापमान बदलताच साचा वाकतो. या जॉबमध्ये दोन्ही गोष्टी नीट झाल्या होत्या.

शेवटचा कट असा ठरला : टूलच्या नाकाची, म्हणजे गोलसर टोकाची, त्रिज्या १ मिलिमीटर, स्पिंडल मिनिटाला १००० फेरे, फीड, म्हणजे टूलचं सरकणं, दर फेऱ्याला ५ मायक्रॉन. अशाने पृष्ठभागावर उरणाऱ्या चऱ्यांची उंची हिशोबाने ३ नॅनोमीटरच्या आसपास येते. कडेपासून मध्यापर्यंत १०० मिलिमीटर जायला बरोबर २० मिनिटं. ही २० मिनिटं लक्षात ठेवा.

पहिला साचा निघाला तेव्हा शॉपमध्ये सगळे खूश होते. डिसेंबरची सकाळ, साप्ताहिक सुट्टीनंतरचा पहिला दिवस. साच्यात ट्यूबलाइट अशी दिसत होती की बघत राहावं. तिरपा धरला की चऱ्यांमुळे इंद्रधनुष्याची झाक यायची. ५ मायक्रॉन अंतरावरच्या चऱ्या ते करणारच, त्याची चिंता नव्हती, हलक्या पॉलिशने ती जाते.

फुगीर साच्याचा आकार थेट तपासणं अवघड असतं, कारण त्यावरून परतलेला प्रकाश पसरत जातो, कुठे एकत्र येत नाही. म्हणून आम्ही त्यावरून चाचणीची नक्कल उतरवली. नक्कल खोलगट, तिच्या वक्रतेच्या केंद्राशी, म्हणजे १.२ मीटरवर, रोंकी जाळी (बारीक समांतर रेषांची पट्टी) धरायची आणि तिच्यातून आरशात दिसणाऱ्या रेषा बघायच्या. रेषांत दोन दोष दिसले.

पहिला दोष तीन पाकळ्यांचा होता. तो साच्याचा की रेझिनचा, हे ठरवायला साच्याच्या आणि पाठीच्या कडेवर खुणा केल्या आणि पाठ फिरवून दुसरी नक्कल उतरवली. पाकळ्या साच्याच्या खुणेबरोबर राहिल्या, म्हणजे दोष साच्याचा. लेथच्या फेसप्लेटला, म्हणजे जॉब धरणाऱ्या तबकडीला, साचा तीन बोल्टनी आवळला होता, पाकळ्याही तीनच. बसण्याची बाजू काही मायक्रॉनने जरी खालीवर असेल तर बोल्ट आवळताना साचा ताणला जातो, त्या ताणातच कापला जातो, आणि सोडला की मूळ जागी येतो; कापलेला आकार मात्र तेवढा बिघडतो. मागच्या बाजूला तीन छोटे उंचवटे ठेवून ते लॅप करून (बारीक घासून) एका पातळीत आणले, आणि फ्लँज (बोल्ट बसतात ती कड) व मुख्य अंग यांच्यामध्ये एक खोल खाच काढली, म्हणजे ताण खाचेशीच जिरतो. पाकळ्या गेल्या. या उपायाला नवीन काही लागलं नाही. फिटिंगचे काका म्हणाले, “दिव्यांच्या साच्यांना चालतंय म्हणून इतकी वर्षं कुणी बघितलं नाही.”

दुसऱ्या दोषाने मात्र बराच वेळ खाल्ला.

पॅराबोलाच्या रोंकी रेषा नेहमीच्या वळणाने वाकलेल्या असतात, ते ठीक. पण मधल्या दोन रेषा केंद्राजवळ येऊन बिघडलेल्या दिसत होत्या. आकडे काढले तेव्हा चूक शंकूची निघाली. म्हणजे साच्याचा आकार पॅराबोला, पण त्यात एक अगदी बसका शंकू मिसळलेला. कडेपासून मध्याकडे जावं तसा पृष्ठभाग सरळ प्रमाणात खाली गेलेला. मध्याशी एकूण ०.४ मायक्रॉन. फोकस जुळवून घेतला की यातला बराच भाग झाकला जातो, तरी चौथा हिस्सा, १०० नॅनोमीटर, उरतोच. मुभा ६९ ची.

हिऱ्याच्या लेथवर काम केलेल्या कुणालाही शंकू दिसला की एकच गोष्ट आठवते : टूलचं सेंटर चुकलं. आणि ते बरोबरही आहे. मशीनला वाटतंय टूल मध्यापासून अमुक अंतरावर आहे, प्रत्यक्षात ते काही मायक्रॉन अलीकडे-पलीकडे आहे. मग प्रत्येक ठिकाणी शेजारच्या त्रिज्येची उंची कापली जाते. आपल्या आकाराला हिशोब सोपा आहे. सेंटर जितकं चुकेल त्याच्या बाराव्या भागाइतका शंकू कडेशी येतो. ०.४ चा शंकू म्हणजे सेंटरची चूक पाच मायक्रॉनच्या आसपास. टूल बसवणाऱ्या मुलाला त्या दिवशी बरंच ऐकावं लागलं. काका त्याच्या बाजूने बोलले.

“मायक्रोस्कोपखाली मध्य बघितलाय मी. स्वच्छ आहे. टूल कमी पडलं असतं तर मध्याशी दाणा राहिला असता.”

“पण काका, पाच मायक्रॉनला किती दाणा राहणार?” मालकांनी विचारलं.

इथे मालकांचं खरं होतं. १ मिलिमीटर नाकाचं टूल मध्याला पाच मायक्रॉन कमी पडलं तर उरणारा उंचवटा १२-१३ नॅनोमीटरचा, रुंदीला केसाच्या कितीतरी आत. साध्या मायक्रोस्कोपला तो दिसत नाही. काकांचं म्हणणं त्यामुळे पुराव्यात धरता आलं नाही, आणि प्रोग्रॅममध्ये पाच मायक्रॉनची दुरुस्ती टाकली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चालू करून साचा पुन्हा कापला. निकेलचा थर १२० मायक्रॉनचा होता, दहा-एक मायक्रॉन काढायला हरकत नव्हती. नक्कल उतरवली, जाळी धरली, मधल्या रेषा सरळ वाटेने गेल्या. चूक मुभेच्या आत. सेंटर चुकलं होतं, दुरुस्त झालं, असं सगळ्यांनी धरलं.

त्याच आठवड्यात दुसरा साचा लेथवर चढला. प्लेटिंगहून माल उशिरा आला, सकाळपासून मशीनवर दिव्यांचे इन्सर्ट चालू होते, त्यामुळे शेवटचा कट दुपारी चारच्या पुढे लागला. तेच टूल, तेच सेटिंग, तीच दुरुस्ती. नक्कल बघितली तर शंकू परत हजर, जवळपास तेवढाच. फक्त उलटा. पहिल्या साच्याचा मध्य बसका होता, याचा टोकदार.

एकाच सेटिंगने एक साचा पास आणि दुसरा नापास, तोही उलट्या दिशेने, हे टूलच्या सेंटरने होऊ शकत नाही. टूल मधल्या काळात हाललं असतं तर नेमकं दुरुस्तीइतकंच आणि नेमक्या त्याच दिशेला का हालेल? मला इथे वेळेचा संशय आला. टूल एकसारख्या गतीने कडेकडून मध्याकडे सरकतं, म्हणून मध्यापासूनचं अंतर आणि कट सुरू होऊन गेलेला वेळ हे एकमेकांशी बांधलेले आहेत. त्या २० मिनिटांत स्पिंडल तापून जरा जरी पुढे वाढला, तर साचा हळूहळू टूलच्या अंगावर येतो, मध्याकडे जास्त माल निघतो, आणि आकारात शंकू येतो. सेंटरच्या चुकीने येतो तसाच, हुबेहूब. नुसती नक्कल बघून हे दोन वेगळे करता येत नाहीत.

वाढ किती लागते? चौथा हिस्सा उरतो म्हणून ६९ च्या चौपट, म्हणजे २० मिनिटांत ०.२८ मायक्रॉन झाली की पूर्ण मुभा संपली. ४० मिलिमीटर जाडीचं अ‍ॅल्युमिनियम एका अंशाला ०.९४ मायक्रॉन वाढतं. म्हणजे नुसता साचाच ०.३ अंशाने तापला तरी पुरे, आणि स्पिंडलची वाढ त्यात वेगळी. आता नाशिकचा डिसेंबर डोळ्यांपुढे आणा. पहाटे निफाडकडे पारा एक आकडी, द्राक्षबागांत शेकोट्या पेटलेल्या. दुपारी अंबडमध्ये पत्र्याखाली स्वेटर काढून ठेवायची वेळ. मशीनच्या खोलीचा एसी रात्री बंद व्हायचा. सकाळी खोलीची हवा अर्ध्या तासात हव्या त्या आकड्यावर यायची, पण ग्रॅनाइटचा बेड आणि स्पिंडल यांना हवेबरोबर धावता येत नाही. त्यांना कित्येक तास लागतात.

संशय पटला तरी तो सिद्ध करायला हवा होता, आणि त्यासाठी साचा खर्ची घालायचा नव्हता. उपाय सपाट चकतीचा निघाला. मला या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. सपाट पृष्ठभागाला उतार नसतो. त्यामुळे टूलचं सेंटर पाच मायक्रॉन चुको नाहीतर पन्नास, चकती सपाटच येते. स्पिंडलची वाढ मात्र चकतीवरही शंकू उठवते. दोन संशयितांपैकी एकाला ही चाचणी मुळातच ओळखत नाही, म्हणून जे काही दिसेल ते दुसऱ्याचं.

अ‍ॅल्युमिनियमची जाड, २०० मिलिमीटरची चकती व्हॅक्यूम चकवर धरली. सकाळी, मशीन चालू केल्या केल्या, साच्याच्याच फीडने आणि फेऱ्यांनी सपाट कापली. मग चकती आणि १५० मिलिमीटरचा ऑप्टिकल फ्लॅट (अतिशय नेमकी सपाट केलेली काच) एकाच टेबलावर ठेवून दोघांचं तापमान एक होईपर्यंत थांबलो. फ्लॅट चकतीवर अलगद ठेवला, एका बाजूला किंचित उचललेला, आणि सोडियमचा दिवा लावला. पिवळ्या-काळ्या पट्ट्या उमटल्या. चकती सपाट असती तर त्या सरळ गेल्या असत्या, गोलाईने बिघडली असती तर कमानीसारख्या वाकल्या असत्या. या मधोमध कौलारू छपराच्या आढ्यासारख्या कोनात मोडल्या होत्या. मध्यापासून फ्लॅटच्या कडेपर्यंत सरकलेलं अंतर बरोबर एका पट्टीचं. सोडियमच्या प्रकाशात एक पट्टी म्हणजे ०.२९५ मायक्रॉन, आणि तेही ७५ मिलिमीटर त्रिज्येपर्यंत. १०० पर्यंत हिशोब नेला की ०.३९. पहिल्या साच्याचा आकडा समोर आला. टूल बसवणारा मुलगा पट्ट्यांकडे बघत होता. म्हणाला, “म्हणजे सेंटर बरोबर होतं.”

होतं. त्याने मुळात बसवलेलं सेंटर अगदी योग्य होतं.

तरी अजून दोनदा चकती कापली. एकदा दुपारी, स्पिंडल सकाळपासून फिरत असताना : पट्ट्या सरळ. आणि एकदा पुन्हा सकाळी थंड मशीनवर, पण मध्याकडून कडेकडे उलटं कापत. पट्ट्या मोडल्या त्या विरुद्ध बाजूला. वेळेशी बांधलेली चूक दिशा उलटली की उलटणारच. यानंतर शंकेला जागा उरली नाही.

आता मागचा घटनाक्रम नीट लागतो. पहिला साचा थंड मशीनवर कापला, वाढीने मध्य बसला. ती चूक सेंटरची समजून प्रोग्रॅममध्ये सेंटरचीच उलटी चूक घातली. दुसऱ्या दिवशी मशीन पुन्हा तितकंच थंड, दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या आणि साचा पास झाला. दुपारी मशीन तापून स्थिरावलेलं, वाढ नाही, उरली फक्त आपण घातलेली चूक. म्हणून मध्य टोकदार. दुसरा साचाही सकाळीच लागला असता तर तोही पास झाला असता, आणि ती पाच मायक्रॉनची दुरुस्ती कायमची प्रोग्रॅममध्ये राहिली असती. वेगळ्या वक्रतेचा पुढचा जॉब आला की पुन्हा गोंधळ, कारण सेंटरच्या चुकीचा शंकू आकाराच्या उतारावर ठरतो, वाढीचा नाही. दोघांची बरोबरी फक्त याच एका आकारापुरती, याच एका वेळेपुरती जमली होती.

दुरुस्ती काढून टाकली. मशीनच्या खोलीचा एसी चोवीस तास चालू ठेवायचं ठरलं. बिलाचा आकडा मालकांना रुचला नाही, पण दोन वेळा वाया गेलेल्या कटचा आणि नकलांचा खर्च मांडल्यावर ते तयार झाले. जॉब आदल्या दिवशीच खोलीत आणून ठेवायचा. शेवटच्या कटच्या आधी स्पिंडल त्याच फेऱ्यांवर निदान चार तास फिरवत ठेवायचा. वेगळ्या फेऱ्यांवर फिरवून उपयोग नाही, कारण उष्णता फेऱ्यांनुसार बदलते. आणि चकतीवर एक कट घेऊन पट्ट्या सरळ दिसल्याशिवाय साच्याला हात लावायचा नाही. दुसरा साचा असा पुन्हा कापला, नक्कल उतरवली, तो मुभेच्या पुष्कळ आत आला.

पहिल्या साच्याचं काय करायचं यावर मात्र मतभेद झाले. तो पास झाला होता, पण दोन चुकांच्या जोरावर. काकांचं मत होतं की पुन्हा कापून स्वच्छ करून द्यावा. मी त्याची नक्कल पुन्हा नीट तपासली. वाढ पूर्ण सरळ प्रमाणात होत नाही, सुरुवातीला जोरात आणि पुढे मंद होत जाते. सेंटरची चूक मात्र सरळ शंकू देते. त्यामुळे दोघांची वजाबाकी पूर्ण होत नाही, कडेच्या बाजूला एक हलकं वलय उरतं. ते दिसलं, पण मुभेच्या आत होतं. संस्थेला वलयाचा आलेख आणि सगळा घटनाक्रम लेखी पाठवला आणि निवड त्यांच्यावर सोडली. त्यांनी साचा आहे तसा घेतला. मला ते योग्य वाटतं. पुन्हा कापण्यात थर आणखी पातळ झाला असता, आणि पुढे कधी ओरखडा पडला तर कापून काढायला तोच थर लागणार आहे.

आता त्याच संस्थेने ३०० मिलिमीटरच्या साच्याची चौकशी केली आहे, नाभीय अंतर त्याच पटीत. त्याच फीडने कट अर्ध्या तासाचा होईल, साच्याची जाडी ६० मिलिमीटर लागेल, मुभा मात्र तीच ०.२८ मायक्रॉनची. नुसत्या साच्याच्या हिशोबाने अर्ध्या तासात ०.२ अंशाच्या आत राहायला हवं, आणि त्यात स्पिंडलचा वाटा अजून धरलेला नाही. नुसत्या एसीच्या खोलीत हे जमणार नाही. मशीनभोवती वेगळी बंद कॅबिन, तिला स्वतःची तापमान राखलेली हवा आणि कूलंटच्या फवाऱ्यालाही तेच तापमान, असा आराखडा काढून कोटेशनं मागवली आहेत. फीड वाढवून वेळ कमी करायचा पर्यायही आहे. १० मायक्रॉन फीडला कट पंधरा मिनिटांत संपेल, पण चऱ्या चौपट, साधारण १२ नॅनोमीटर होतील आणि पॉलिशवर जास्त वेळ जाईल. काका पॉलिशच्या बाजूने आहेत, मालक कॅबिनच्या.